ग्रुपवर कसं सांगायचं, आणि त्यानंतरचं

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. गोळ्या कधी घ्यायच्या, दवाखान्याची बॅग कधी भरायची, सासूबाईंचं किती ऐकायचं, हे सगळं ओळीने विचारलंस आणि खरा प्रश्न अगदी तळाशी ढकललास: "मावशी, दिवस गेल्याचं आमच्या ग्रुपवर अजून सांगितलं नाही. कसं सांगू कळत नाही." तुझी आईही अशीच. पाऊस, गुडघे, गॅसचा नंबर सगळं बोलून झालं की फोन ठेवता ठेवता मुख्य गोष्ट काढणार.

बॅगेचं सोपं आहे, ते शेवटी. आधी मैत्रिणींचं बघू. नोकरीची सगळी वर्षं प्रसूतिगृहात काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. पहिलं मूल झालं की त्या वर्ष-दीड वर्षात बायकांच्या मैत्रिणी सुटतात, आणि मैत्रिणींची गरज नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त असते. भांडण वगैरे काही होत नाही. एक सांगायला संकोचते, दुसरी विचारायला संकोचते, तिसरीला वाटतं आता हिला आपल्यासाठी वेळ कुठला. मग वाढदिवसाला केकचं चित्र पाठवण्यापुरतं नातं उरतं.

तुम्ही पाच जणी. एकीचा मुलगा दोन वर्षांचा, एकीचं गेल्या दिवाळीत दहाव्या आठवड्यात गेलं, एकीचे टेस्ट ट्यूबचे उपचार चालू, एकीने मूल नको असं ठरवलेलं, आणि तू. म्हणजे एकच बातमी चौघींच्या घरी चार वेगळ्या तऱ्हांनी पोचणार. ग्रुपवर सोनोग्राफीचा फोटो टाकून मोकळं होता येईल, पण तसं करू नकोस.

सगळ्यात आधी उपचार घेणारीला सांग. एकटीला, आणि लिहून. फोन नको. फोनवर तिला तिथल्या तिथे आनंदाचा आवाज काढावा लागतो, आणि त्या दिवशी कदाचित ती स्वतः इंजेक्शन टोचून घेऊन रिपोर्टची वाट बघत बसलेली असेल. लिहिलेलं असलं की तिला दार लावून हवं तेवढं रडता येतं, तोंड धुता येतं, मग उत्तर देता येतं. "तुझंही होईल बघ" असं अजिबात लिहू नकोस. आपण ज्योतिषी नाही. "तुला आधी सांगायचं होतं, वाटेल तेव्हा बोल, नाही बोललीस तरी चालेल" एवढं पुरे. उत्तराला आठवडा लागला तर लागू दे, आणि त्या आठवड्यात "वाचलंस का गं" म्हणून टोचू नकोस.

जिचं गेलं, तिला भेटूनच सांग. तिच्याशी बोलताना एक ध्यानात ठेव: लोकांनी तिला "बरं झालं लवकरच गेलं", "अजून वय आहे" असलं बरंच ऐकवलेलं असणार. आमच्या वॉर्डात अशी बाई आली की तिचा पहिला प्रश्न "माझं काय चुकलं?" जिना चढले म्हणून झालं का, पपई खाल्ली म्हणून का, त्या दिवशी स्कूटरवर गेले म्हणून का. खरं असं आहे की कळून आलेल्या गर्भधारणांतल्या साधारण दहा ते वीस टक्के अशा जातात, बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. पपईचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे तिला डॉक्टरांनी एकदा सांगितलंही असेल, पण मैत्रिणीच्या तोंडून पुन्हा ऐकलेलं वेगळं लागतं. आणि तू लिहिलंस की ती दोन दिवसांत लॅपटॉप उघडून बसली होती. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते, डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्यायचं. ऑफिसात हे कुणी आपणहून सांगत नाही. तिच्या त्या वेळी कामी आलं नाही, पण तिच्या टीममधल्या पुढच्या मुलीच्या येईल.

यावरून आठवलं. "तीन महिने कुणाला सांगू नये" हा आपल्याकडचा दंडक. दृष्ट वगैरे बाजूला ठेव, त्यात शहाणपण आहे, कारण त्याच तीन महिन्यांत धोका जास्त. पण त्याचा दुसरा परिणाम कुणी मोजत नाही. बातमीच कुणाला माहीत नसली तर ती गेल्याचं तरी कुणाला सांगणार? त्या मुलीने दिवाळीचा फराळ केला, पाहुणे केले, आणि घरात नवऱ्याशिवाय कुणाला काही ठाऊक नाही. म्हणून पुढच्या वेळेसाठी माझा हिशेब सांगते: वाईट बातमी जिला सांगशील, तिला चांगलीही लवकर सांग. बाकीच्यांना चौथ्या महिन्यात सांग.

जिला मूल नकोय, तिच्याबद्दल तुझा सूर मला जरा खटकला. "तिला काय कळणार यातलं" असं लिहिलंस. अगं, तीच तुझ्या कामाची आहे! बाकीच्या तिघी तुझं पोट बघताना कुठे ना कुठे स्वतःचं आठवणार. हिचं तसं काही नाही. हिच्यासमोर तुला हातात चहा घेऊन नुसतं "कंटाळा आला गं" म्हणता येईल. आणि तुझ्याशी ऑफिस, सिनेमा, निवडणूक असल्या विषयांवर बोलणारी पुढचं वर्षभर तीच एकटी असेल.

आता डोहाळजेवण. सातव्या महिन्यात तुझ्या सासरी सोलापूरला थाटात करणार म्हणतेस. कर, मजा असते. फुलांची वाडी, झोपाळा, धनुष्यबाण, फोटो, सगळं होऊ दे. दोनच ठिकाणी पाय रोवून उभी राहा. पहिलं, ओटी कुणी भरायची. जिला मूल नाही तिला बोलवायचं नाही, जिचं गेलं तिने भरायची नाही, विधवेने लांब बसायचं, हे अजूनही चांगल्या शिकलेल्या घरांत गुपचूप पाळलं जातं. आमंत्रणाची यादी आत्याबाईंच्या हाती जाऊ देऊ नकोस. तुझ्या चारही मैत्रिणींना तू स्वतः बोलव आणि त्याच दमात सांग की नाही आलीस तरी मी रुसणार नाही. यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. त्यांच्या वतीने आपण ठरवून त्यांना वगळायचं, याहून मोठा अपमान नाही.

दुसरं म्हणजे तो वाट्यांचा खेळ. एका वाटीखाली पेढा, एकीखाली बर्फी, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या हसतात, पण पेढा निघाल्यावरचं हसू आणि बर्फी निघाल्यावरचं हसू यांतला फरक मी लेबर रूमच्या दाराबाहेर इतक्यांदा पाहिलाय की मला तो खेळ सोसत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४ चा, तो २००३ मध्ये आणखी कडक झाला. तरी सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ती पाटी अजून लावावीच लागते. तुझ्या आईच्या डोहाळजेवणात मी दोन्ही वाट्यांखाली चकली ठेवली होती. तिच्या सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. तुला वाटलं तर तू शेव ठेव.

मैत्रिणींकडून काय घ्यायचं आणि काय नाही, हे आता ठरवून टाक. मळमळीवर काय चाललं, पाय दुखले तर उशी कशी घ्यायची, कुठल्या दुकानात बाळंतिणीचे गाऊन बरे मिळतात, यासाठी तुझी दोन वर्षांच्या मुलाची आई सोन्यासारखी आहे. पण काही गोष्टी ग्रुपवर विचारायच्याच नाहीत. रक्तस्राव, थेंबभर का असेना. पाणी जाणं. ताप. डोकं सारखं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, तोंडावर आणि हातांवर अचानक सूज, बरगडीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणं. ही रक्तदाब वाढल्याची खूण असू शकते. १४०/९० किंवा त्याच्या वर आकडा गेला की घरी बसायचं नसतं. आणि सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली असं वाटणं. असं काही झालं की रात्रीचे अडीच का वाजेनात, दवाखाना गाठायचा. "माझंही असंच झालं होतं, काही नसतं" हे वाक्य मैत्रिणी प्रेमाने बोलतात, आणि या एका वाक्यामुळे सकाळपर्यंत थांबलेल्या बायका मी बघितल्या आहेत.

गोळ्यांचं विचारलंस ते इथेच सांगते. लोहाची गोळी रोज, चुकवायची नाही. सरकारी पद्धतीत चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही तेवढेच. ती चहाबरोबर घेऊ नकोस आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही, अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे. शौचाला काळी होईल, घाबरू नकोस. आता १८ ते २० आठवड्यांच्या मध्ये मोठी सोनोग्राफी होईल, ती चुकवू नकोस. बाकी डॉक्टर सांगतील तसं.

आणि तुलना. याला औषध नाही, पण सावध राहता येतं. "तुझं पोट केवढंसं", "माझं तर सहाव्यातच एवढं होतं", "मी शेवटच्या दिवसापर्यंत कामावर होते". बाळंतपणानंतर पहिला प्रश्न येतो "नॉर्मल की सीझर?" आणि सीझर म्हटलं की समोरचीचा चेहरा बघ. जणू परीक्षेत कॉपी करून पास झालीस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सीझरने झालेली दिसतात, सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. एवढा फरक बायकांच्या शरीरात नसतो. तेव्हा प्रश्न विचारायचा तो मैत्रिणीला नाही, डॉक्टरांना: माझ्या बाबतीत सीझरची वेळ कशाकशाने येऊ शकते, तुमच्याकडे साधारण किती होतात, आधीचं एक सीझर असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता का. हे सातव्या-आठव्या महिन्यात शांतपणे विचार, कळा सुरू झाल्यावर नाही. आणि तुझं सीझर झालंच, तर ती पोटावरची मोठी शस्त्रक्रिया आहे हे घरच्यांना आधीच सांगून ठेव. तिच्यानंतर बाई तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना चहा देत फिरत नसते.

खरं लिहायचंय ते बाळंतपणानंतरच्या दिवसांबद्दल.

तू झालीस तेव्हा आम्ही चौघी एकाच वसाहतीत राहायचो. तुझ्या आईला माहेर लांब, आजी आजारी. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. ड्यूटी संपवून येताना एकीने भाजी-पोळी आणायची, एकीने कपडे वाळत घालायचे, एकीने तुला घेऊन नुसतं गॅलरीत बसायचं, म्हणजे तुझी आई तासभर झोपेल. हे कुणी कुणाला "काही लागलं तर सांग" म्हणून झालं नाही. या "काही लागलं तर सांग"चा उपयोग शून्य असतो. बाळंतीण कधीच सांगत नाही. तिला सुचतच नाही, आणि सुचलं तरी लाज वाटते. म्हणून तू आत्ताच, डोकं ठिकाणावर असताना, नाव घेऊन माग. "तू मंगळवारी डबा आणशील?" "तू शनिवारी दुपारी दोन तास बाळाजवळ बसशील?" बघायला येणाऱ्या प्रत्येकीला सांग की झबली-टोपडी नकोत, आमटी आण. झबल्यांचा ढीग पडतो आणि बाळ दीड महिन्यात त्यातून बाहेर येतं. त्यापेक्षा दोन वर्षांच्या मुलाच्या आईकडून जुनी, धुऊन मऊ झालेली झबली माग. पूर्वी बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालायचेच नाहीत, जुन्या धोतराची नाहीतर लुगड्याची दुपटी असायची. त्यामागे रीत काहीही असो, कापड तरी अंगाला टोचत नसे.

गावाकडे दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जाते. वजन बघते, अंगाला हात लावून ताप-गारठा बघते, आईला विचारते. ही पद्धत आली कुठून, तर आपल्याच गडचिरोलीतून. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं, तिथले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि मग देशाने उचललं. तुझ्या वाकडच्या चौदाव्या मजल्यावर मात्र आशाताई बहुधा यायची नाही. गेटवरचा वॉचमनच तिला वर सोडणार नाही. तिथे दार वाजवणारं माणूस तुलाच नेमावं लागेल. म्हणून म्हणते, तुझ्या चौघींतली एक ठरव, जी पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष येईल. व्हिडिओ कॉल नको. घराचा वास, सिंकमधली भांडी, तुझे न विंचरलेले केस, हे कॅमेऱ्यात येत नाही.

दुधाबद्दल आत्ताच वाच, तेव्हा वाचायला वेळ नसेल. बाळ झाल्यावर तासाभरात छातीशी घ्यायचं. सीझर असलं तरी बहुतेकदा जमतं, आधी सांगून ठेवायचं. पहिले दोन-तीन दिवस चिकाचं घट्ट पिवळं दूध येतं, चमचा-चमचाच, आणि तेवढंच पुरतं. याच दिवसांत घरात कुजबुज सुरू होते: "हिला दूधच नाही." बाळाचं वजनही पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत उतरलं आणि दोन आठवड्यांत भरून आलं तर ते ठीक. खरी खूण लंगोटात बघायची. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. मग कुणी काही म्हणो. पहिले सहा महिने वरचं काही नको, पाणीही नको.

तरी नाहीच जमलं, तर स्वतःला फासावर लटकवू नकोस. दूध एका बाईचं कमी पडतं आणि दुसरीचं सांडतं, हे बायकांना कायम माहीत होतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली, ती याच जाणिवेवर. कमी दिवसांच्या बाळांना तिथलं दूध मिळतं. आमच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई स्वतःचा सीझरचा टाका सांभाळत दुसरीला बाळ नीट छातीशी कसं धरायचं ते दाखवायची. आमच्या शंभर सूचनांपेक्षा ते लवकर जमायचं. तुझ्या मैत्रिणीने नुकतंच पाजणं थांबवलंय, तिला पहिल्या आठवड्यात एकदा बोलावून घे. तिच्यासमोर लाजू नकोस.

आई आणि सासूबाई दोघी येणार म्हणतेस, म्हणजे स्वयंपाकघरात दोन पक्ष. तुझं काम एवढंच की जे निरुपद्रवी आहे त्यावर वाद घालायचा नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, खसखस, बाळंतशोपा, ओवा, कान बांधणं, दुपारची शेक, जे देतील ते घे, लाड करून घे. असे लाड पुन्हा होत नाहीत. फक्त तूप-लाडूच्या नादात भाजी, डाळ, अंडं सुटू देऊ नकोस, आणि पाणी कमी पिऊ नकोस. नाही म्हणायचं ते थोडक्यात आणि ठाम. बाळाच्या तोंडाला मध नाही, वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला लकवा होऊ शकतो. गुटी नाही, काजळ नाही, बंद खोलीत धुरी नाही, कानात-नाकात तेल नाही. अंघोळ घालणाऱ्या बाई बाळाची छाती पिळून "दूध काढतात", ते तर मुळीच नाही. हे सगळं तू बोलू नकोस. डॉक्टरांकडे जाताना दोघींना बरोबर ने आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांनाच बोलू दे. सुनेचं म्हणणं आणि डॉक्टरांचं म्हणणं, वाक्य एकच असलं तरी वजन वेगळं असतं. काय करणार.

आता जे बायका एकमेकींनाही सांगत नाहीत ते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुला रडू येईल. कारण नसताना. दूध सांडलं म्हणून, कुणी "थकलीस का" विचारलं म्हणून. तसं बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं, झोपायला मिळालं तरी झोप येत नाही, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, किंवा सारखी भीतीच वाटते, आपण नसतो तर बरं असं मनात येतं, तर तो आजार आहे. त्याला नाव आहे, औषध आहे, आणि पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत. आपल्या देशातल्या अभ्यासांची गोळाबेरीज पाहिली तर साधारण पाचांत एकीला होतो. आमच्या काळी याला "नाटकं" म्हणायचे. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र, मराठीत बोलतात. आणि बाई असंबद्ध बोलायला लागली, कुणीतरी बाळाला मारायला येतंय असं म्हणायला लागली, तर त्याच तासाला दवाखाना.

हे ओळखणार कोण? नवरा बावरलेला असतो, आई म्हणते "होईल ठीक". म्हणून आधीच एका मैत्रिणीशी करार कर: हिला खोटं सांगायचं नाही. बाकी जगाला "मस्त चाललंय" म्हण, फोटो टाक. हिने विचारलं तर खरं. माझ्या मते हे काम त्या उपचार घेणारीवर टाकू नकोस, तिचं ओझं तिला पुरे आहे. जिला मूल नकोय तिला सांग. ती गोंधळणार नाही आणि गोडही बोलणार नाही.

जावईबापूंसाठी एकच. खासगी नोकरीत बापाला कायद्याने रजा नाही, त्याला कंपनी जी काय देते ती देते. ती सगळी पहिल्या आठवड्यात उडवू नये. तेव्हा घरात दोन आज्या असतात आणि तो नुसता मिठाई वाटत फिरतो. आज्या गेल्या की, म्हणजे सव्वा महिन्यानंतर, घरात खरी शांतता पसरते आणि तू एकटी पडतेस. निम्मी रजा तेव्हासाठी ठेवायला सांग. आणि त्यालाही एखादा बाप झालेला मित्र लागेल. पुरुष याबद्दल आपसात एक अक्षर बोलत नाहीत.

नोकरीचं. तू झालीस तेव्हा कायद्यात १२ आठवडे होते. तुझ्या आईने तुला तीन महिन्यांची असताना शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि ड्यूटीवर दुधाने ब्लाउज ओला होऊ नये म्हणून रुमाल घड्या करून ठेवायची. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत, त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. माझं ऐकशील तर तब्येत साथ देईल तितके मागे राख. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी. एचआरला आत्ताच ईमेलवर विचार, तोंडी नको. बाहेरचं पाळणाघर शोधायचं असेल तर दोन वर्षांच्या मुलाच्या आईला बरोबर घेऊन न कळवता दुपारी दीड वाजता जा. सकाळी दहाला सगळीच पाळणाघरं चांगली असतात.

मैत्रिणींचं अजून थोडं राहिलं. बाळ झाल्यावर तुझ्या बोलण्यात बाळाशिवाय काही राहणार नाही. ते तसंच व्हायचं. पण फोन केलास तर पहिला प्रश्न समोरचीचा असू दे: तुझ्या उपचारांचं काय, तुझ्या प्रमोशनचं काय, आईचं ऑपरेशन झालं का. मग बाळाची शी हिरवी का झाली ते सांग. ग्रुपवर रोज फोटो टाकू नकोस. फोटोंसाठी आज्यांचा वेगळा ग्रुप कर, त्यांना दिवसाला वीसही कमीच पडतात. आणि महिन्यातून एकदा बाळ नवऱ्याकडे देऊन तासभर त्या चौघींना भेट, दूध काढून ठेवून. पहिल्यांदा सारखी घड्याळ बघशील. त्याही बघतील, फक्त तुला बोलून दाखवणार नाहीत.

बॅग. आठवा संपता संपता भरून दाराजवळ ठेव. सगळे रिपोर्ट आणि कार्ड एका फायलीत, आधार, विम्याचे कागद, दोन समोरून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, जुन्या सुती साडीचे चार तुकडे, टोपडं, मोजे, चार्जर, कोरडा खाऊ नवऱ्यासाठी. तो भुकेला असला की डॉक्टरांशी वाद घालतो, असं तूच म्हणालीस. रक्तगट फायलीच्या वर मोठ्या अक्षरात लिही.

२४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये साखरेची तपासणी होईल, तिचा रिपोर्ट आला की मला पाठव. डिंकाचे लाडू मी करणार आहे, पण खारीक कुटायचं काम तुझ्या आईचं. माझा उजवा खांदा आता चालत नाही, तिला आत्ताच सांगून ठेव, नाहीतर ऐनवेळी मिक्सरमधून काढू म्हणेल.

तुझी
मावशी